तुमची चार मिनिटं

सर, तुमच्याच पद्धतीने सुरुवात करते. आधी प्रश्न वाचायचा, मग उतारा.

प्रश्न एकच आहे. मुंबईच्या हॉस्पिटलात तुम्हाला तपासायला आत नेलं, तेव्हा डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी वहिनींना विचारलं, "हे केव्हापासून चाललंय?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दिवाळीनंतर." वहिनींनी मान हलवली, डॉक्टरांनी लिहून घेतलं. ते उत्तर खोटं होतं. खरं उत्तर माझ्या पर्समधल्या वहीत होतं, आणि ती पर्स मी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

तुम्ही गेल्याला आज सतरा दिवस झाले. तेराव्याला मी आगाशीला तुमच्या घरी गेले होते, पण घर माणसांनी भरलेलं होतं, वहिनींना एकटं गाठता आलं नाही. खरं सांगायचं तर मला गाठायचं नव्हतं. काल गाठलं. त्याचं नंतर सांगते. आधी उतारा, आणि तोही मधला एकही परिच्छेद न सोडता. तुम्हाला हे पटणार नाही, पण आता मला कोण अडवणार?

माणिकपूरला फरशांच्या दुकानाच्या वर आपला क्लास. बँकेच्या, रेल्वेच्या, विम्याच्या परीक्षांना बसणारी माणसं तिथे यायची. गणित शिकवायला लोक बदलत राहिले, पण इंग्रजीचा उतारा मात्र पहिल्यापासून तुमचा. मी त्याच क्लासची विद्यार्थिनी. तीनदा बँकेच्या परीक्षेला बसले आणि तिन्ही वेळा उताऱ्यांनी मला बुडवलं. दोन उतारे शिल्लक असतानाच वेळ संपायचा. तिसऱ्या निकालानंतर तुम्ही मला बोलावलंत. मला वाटलं आता समजूत काढणार. तुम्ही म्हणालात, "सिसिल, तू वाचतेस. परीक्षेत वाचायचं नसतं, शोधायचं असतं. तुझं बँकेत काही होणार नाही. क्लासचं ऑफिस सांभाळशील का?" घरी येऊन सांगितलं तर वडील केळीचे घड बांधता बांधता हसले. नापास झालेल्या पोरीला मास्तरांनी क्लासमध्येच ठेवून घेतलं, हे त्यांना फार गमतीचं वाटलं. मला त्या दिवशी राग आला होता. पण गेली आठ वर्षं मी कुणापुढे हात न पसरता जगले ती तुमच्यामुळे. हे मी तुम्हाला तोंडावर कधीच सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच विषय बदलला असतात.

तुमच्या पद्धती मला झोपेतही म्हणता येतील. उतारे समोर आले की पहिल्यापासून सुरुवात करायची नाही, आधी सगळ्यांवरून नजर फिरवायची. सगळ्यात कंटाळवाणा उतारा पहिला घ्यायचा, कारण कंटाळवाण्या उताऱ्यात उत्तरं सरळ लिहिलेली असतात. तत्त्वज्ञानाचा शेवटी, वेळ उरला तर. प्रश्न आधी वाचायचे, पर्याय नाही, कारण पर्याय डोक्यात घुसले की माणूस उताऱ्यात नसलेलंही बघायला लागतो. बोट मागच्या ओळीवर न्यायचं नाही. अडलात तर सोडा, आणि सोडलेल्या प्रश्नाकडे मान वळवून बघू नका, तो तुमचा नातेवाईक नाही. शेवटचं वाक्य तुम्ही दर बॅचला म्हणायचात आणि दर बॅच हसायची.

पण तुमचा खरा हातखंडा चार मिनिटांचा. एका उताऱ्याला वाचायला चार मिनिटं, उत्तरांना चार. घड्याळाकडे बघायचं नाही. प्रत्येक वेळी मान वर केली की ओळ हरवते आणि ती शोधण्यात दहा सेकंद जातात, असं तुमचं म्हणणं. म्हणून दारातल्या स्टीलच्या ताटात सगळ्यांनी मनगटावरची घड्याळं काढून ठेवायची, भिंतीवरच्या घड्याळाला रुमाल बांधायचा, आणि उतारा वाचत वाचत शरीराला चार मिनिटं शिकवायची. तुम्ही खुर्चीवर डोळे मिटून बसायचात आणि चार मिनिटं झाली की म्हणायचात, "ठेवा." पेन्सिली खाली. मागच्या बाकावर मी स्टॉपवॉच घेऊन, वहीत लिहायला. तुमचं "ठेवा" चार मिनिटांच्या पाच सेकंद अलीकडे किंवा पलीकडे, त्याहून जास्त कधी चुकलं नाही. माणसं स्वतःची वेळ तुमच्याशी लावून घ्यायची. दोन महिन्यांत बहुतेकांचं शरीर तुमच्यासारखं चालायला लागायचं.

आपला एक वाद राहिला आहे, सर. मी रविवारी चर्चमध्ये वाचन करते, हे तुम्हाला माहीत होतं. तिथे ओळ सोडून चालत नाही. दीपगृहावरचा तो उतारा आठवतो? तिसऱ्या परिच्छेदात दिवा लावणाऱ्या माणसाच्या बायकोबद्दल पाच ओळी होत्या आणि त्यांच्यावर एकही प्रश्न नव्हता. तुम्ही फळ्यावर त्या परिच्छेदावर फुली मारलीत. मी मागून म्हटलं, "प्रश्न नाही म्हणून ती बाई नव्हतीच का?" तुम्ही म्हणालात, "परीक्षेपुरती नव्हती. परीक्षेनंतर वाच की, कोणी अडवलंय?" मी म्हटलं, परीक्षेनंतर कोणी वाचत नाही. पुढच्या आठवड्यात जिन्यात मला थांबवून म्हणालात की त्या मुद्द्यावर मी विचार केलाय, सावकाश बोलू. सावकाश कधी आलंच नाही. तुम्ही काय ठरवलं होतं, हे मला आता कोण सांगणार?

पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

गणपती यायला आठवडा होता. नेहमीसारखी घड्याळं ताटात, रुमाल भिंतीवर. तुम्ही "ठेवा" म्हणालात आणि मी स्टॉपवॉच बघितलं तर चार मिनिटं चाळीस सेकंद. मी आधी स्टॉपवॉचलाच नावं ठेवली. संध्याकाळी जाऊन त्याचा सेल बदलून आणला. दुसऱ्या दिवशी तीन मिनिटं दहा सेकंद. सेल नवा होता. मी माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं, घड्याळ चर्चच्या घंटेशी ताडून पाहिलं. सगळी बरोबर चालत होती. वहीत मी "४:००" लिहिलं.

का लिहिलं? तुम्ही विचारायचात ना, लेखकाचा हेतू काय? हेतू असा की ती वही कधी कधी विद्यार्थी उघडून बघायचे. तुम्ही चुकलेले त्यांना दिसायला नको होतात. आणि दुसरं, ती माणसं तुमच्या "ठेवा"वर आपलं शरीर लावत होती. तुमचं चुकलं तर तीस जणांचं चुकणार होतं, आणि त्यांना परीक्षेला बसायचं होतं. मग मी खोकायला लागले. चार मिनिटं होत आली की मागून एकदा खोकायचे आणि तुम्ही म्हणायचात, "ठेवा." तुम्ही त्याआधीच तोंड उघडायला लागलात तर मी पान फडफडवायचे, की तुम्ही जरा थांबायचात. आपण हे कधी ठरवलं नव्हतं. आठवड्याभरात ते असं बसलं की कोणाला काही कळलं नाही. ते बसेपर्यंतच्या खऱ्या वेळा मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिल्या, बारीक अक्षरात. पाच-दहा. सव्वादोन. सहा.

तुम्हाला कळलं होतं का? एकदा तुम्ही माझ्या बाकाशी येऊन विचारलंत, वहीत एवढं काय लिहितेस गं. मी म्हटलं, मुलांच्या वेळा. तुम्ही वही हातात घेतली, पण उघडली नाहीत. थोडा वेळ तशीच धरून उभे राहिलात, मग मला परत दिलीत आणि म्हणालात, "नीट लिहीत जा." एवढंच. त्यानंतर तुम्हाला माझा खोकला ऐकू आला नाही असं एकदाही झालं नाही.

मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण मी स्वतःला समजवायला एक पुरावा धरून ठेवला होता. रोज चारला दहा कमी असताना तुम्ही जिना चढत असायचात. आगाशीहून बस, विरारहून गाडी, वसई स्टेशनवरून पायी, आणि तरी ठरल्या वेळेला हजर. ज्या माणसाची वेळेची जाण गेली तो इतका बिनचूक कसा पोचेल? म्हणजे हे वय असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल, उपास झेपत नसतील. मी तुम्हाला उपास सोडा म्हणाले, आणि तुम्ही मला खोकल्याचं औषध घे म्हणालात. सगळा वर्ग हसला. मीही हसले.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला आमचा मृतांचा दिवस. मी रजा घेतली होती, दफनभूमीत आईच्या आणि आजोबांच्या कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या. वारा होता, मेणबत्त्या विझत होत्या आणि मी पुन्हा पुन्हा लावत होते. तेव्हा चार वाजून गेले होते. क्लासमध्ये घड्याळं ताटात गेली होती.

काय झालं ते मला नायगावच्या संगीताने सांगितलं. मिठागराच्या बाजूच्या गावातली ती, पतपेढीत काम करणारी, दोन लेकरांची आई. दुसऱ्या दिवशी लवकर येऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, कोनाला सांगू नका. सरांची चार मिनटं काल संपलीच नाहीत. माजा उतारा दोनदा वाचून झाला, सगल्यांचा झाला. सर डोले मिटून बसलेले. कोन बोलनार? पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं सर गेलेच."

मी विचारलं, मग? मग तिनेच पेन्सिल मुद्दाम खाली टाकली, तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत आणि शांतपणे म्हणालात, "ठेवा." भिंतीवरच्या घड्याळाचा रुमाल तुम्ही सोडलात, तर बावीस मिनिटं झाली होती. तुम्ही घड्याळाकडे बघितलंत आणि पुन्हा रुमाल बांधलात.

मी संगीताला सांगितलं की सरांना आदल्या रात्री झोप नव्हती. हे खोटं मला तयार करावंही लागलं नाही, आपोआप तोंडात आलं. त्यानंतर मी एकही रजा घेतली नाही. तापातही आले. मला वाटायचं मी तुमची पाठराखण करते आहे. आमच्याकडे म्हणतात तसं, झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ कसली, त्या मुठीत निखारा होता आणि मी ती दाबून धरली होती.

नाताळनंतर तुम्ही फळ्याच्या उजव्या अर्ध्या भागातच लिहायला लागलात. डावा भाग कोरा. विद्यार्थ्यांना वाटलं ही नवीन पद्धत. एकाने तसंच वहीत उतरवलंसुद्धा, अर्धं पान मोकळं सोडून. मग जानेवारीत एका दुपारी उतारा मोठ्याने वाचताना तुम्ही प्रत्येक ओळ मधूनच सुरू केलीत. डावीकडचे शब्द तुमच्यासाठी नव्हतेच. तुम्ही थांबलात, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "सिसिल, हा उतारा कोणी छापला? ह्याला अर्थच नाही." मी सगळ्यांना घरी पाठवलं आणि तुम्हाला रिक्षातून दवाखान्यात नेलं. तिथून मुंबई. डोक्यात गाठ होती, मोठी. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आला असतात तर" आणि वाक्य तिथेच सोडून दुसऱ्या पेशंटकडे गेले. अशी अर्धी वाक्यं पूर्ण करायला मी तुमच्याकडे आठ वर्षं शिकले होते.

त्या बॅचचा निकाल तुम्ही गेल्यानंतर लागला. क्लास सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात चांगला निकाल, सर. संगीता बँकेत लागली. पेढे घेऊन आली आणि रडली. म्हणाली, परीक्षेत एकदाही घड्याळ बघितलं नाही, आतून कळत होतं. तो माझा खोकला होता, हे मी तिला सांगू शकले नाही. मला आनंद झाला, आणि लगेच इतकी शरम वाटली की पेढा तोंडात फिरत राहिला. तीस जणांची चार मिनिटं मी सेकंदाला सेकंद जपली. तुमचे पाच महिने घालवले.

म्हणून काल आगाशीला गेले. वही घेऊन. वहिनी पुढच्या खोलीत एकट्याच होत्या. मी पाणीही न घेता सगळं सांगितलं. गणपतीआधीचे चाळीस सेकंद, खोकला, शेवटचं पान, दोन नोव्हेंबर. म्हटलं, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. दिवाळीनंतर नव्हे, वहिनी, श्रावणापासून मला माहीत होतं. मी कोणाला सांगितलं नाही. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला.

वहिनींनी वहीचं शेवटचं पान ओळीवर बोट ठेवून वाचलं. मला वाटलं त्या मला उठून जायला सांगतील. मग म्हणाल्या, "त्यांना मी नेहमीच्या आधीच्या बसला बसवत होते. श्रावणापासूनच."

मला कळलं नाही. त्या सांगत गेल्या. एक दिवस तुम्ही दुपारी अंघोळीला गेलात ते तासभर बाहेरच आला नाहीत, आणि आल्यावर म्हणालात आत्ताच तर गेलो होतो. मग वहिनी तुम्हाला जेवायला लवकर बसवू लागल्या, बूट समोर आणून ठेवू लागल्या, कोपऱ्यापर्यंत येऊन बसमध्ये चढवू लागल्या. विरारहून त्याच गाडीने शेजारचे एक गृहस्थ दुपारपाळीला जायचे, त्यांना सांगून ठेवलं होतं की ह्यांना वसईला उतरवा. तुम्हाला कळू न देता. वहिनींनाही भीती वाटायची. पण त्या स्वतःलाच म्हणायच्या, क्लासमधून कधी तक्रार नाही, शिकवणं व्यवस्थित चाललंय, सिसिल आहे तिथे, काही असतं तर बोलली असती. म्हणजे हे वय असेल. हॉस्पिटलात मी "दिवाळीनंतर" म्हटलं तेव्हा त्यांनी मान का हलवली, ते मला काल कळलं. त्यांनाही तेच उत्तर हवं होतं.

तुम्ही वेळेवर यायचात हा माझा पुरावा होता, सर, आणि तो वहिनी रोज तयार करून पाठवत होत्या. क्लास नीट चाललाय हा त्यांचा पुरावा होता, आणि तो मी तयार करत होते. तुम्ही आम्हा दोघींच्या मधून रोज ये-जा करत होतात आणि कोणालाच काही बोलत नव्हतात.

आणि एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. त्याच श्रावणात वहिनींचा क्लासवर फोन यायला लागला. रोज दुपारी, तुम्हाला बसमध्ये चढवून त्या घरी आल्या की. "निघालेत गं," एवढंच म्हणायच्या. मी म्हणायचे, "बरं." आणि तुम्ही जिना चढलात की मी फोन करायचे, "पोचले हो वहिनी." त्याही म्हणायच्या, "बरं." आधीच्या इतक्या वर्षांत त्यांनी असा फोन कधी केला नव्हता. आता का करतात, हे मी विचारलं नाही. मी उलटा फोन का करते, हे त्यांनी विचारलं नाही.

काल वहिनी म्हणाल्या, "तू मला एकदा विचारलं असतंस."

मी म्हटलं, "तुम्ही मला एकदा सांगितलं असतंत."

दोघींचाही आवाज चढला नाही. श्रावणापासून जानेवारीपर्यंत आम्ही दोघी दिवसातून दोनदा फोनवर बोलत होतो, सर.